मुक्काम पडला की माणसं बोलतात

‘बाल्डर्स गेट ३’ पहिल्यांदा खेळत होतो तेव्हा पहिला अंक संपत आला तरी माझ्या कॅम्पमधल्या पेटीत सहाशेच्या वर शिधा पडून होता. पाव, चीज, बटाटे, सुकवलेलं मांस, वाइनच्या बाटल्या. दिसेल ते पिंप उघडायचं आणि दिसेल ते पोतं उपसायचं, ही माझी खेळायची रीत. त्या गेममध्ये एका रात्रीच्या झोपेला ४० शिधा लागतो. म्हणजे पंधरा रात्रींची सोय हाताशी होती आणि मी झोपलो होतो जेमतेम पाच-सहा वेळा. त्याचा मला अभिमानही होता.

तोच गेम, जवळपास तेवढाच भाग खेळून झालेला भाचा सुट्टीला घरी आला. त्याने विचारलं, “मामा, तुझ्या कॅम्पमध्ये ॲस्टारियनने काय केलं?”

“कोण, तो टोमणे मारणारा? तो काय करणार? कुलपं उघडतो.”

“अरे मामा, तो व्हॅम्पायर आहे!”

मला पत्ताच नव्हता. दोघांनी एकच गेम विकत घेतलेला, दोघांच्या कॅम्पवर तीच माणसं जमलेली. फरक इतकाच, की तो दमला की झोपत होता आणि मी झोप वाचवत होतो. रोल-प्लेइंग गेममधल्या सोबत्यांची गोष्ट झोपेला का बांधलेली असते, कशी बांधलेली असते आणि त्या गाठीत काय काय अडकतं, हे त्यानंतर मी जरा बारकाईने बघायला लागलो.

मुळात या गेममध्ये झोप आली ती गोष्टीसाठी नव्हे, हिशेबासाठी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या खेळात पात्रांच्या शक्ती दिवसावारी मोजलेल्या असतात. जादूगाराचे मंत्र आज इतकेच, मग संपले. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने विश्रांतीचे दोन प्रकार पक्के केले: किमान एक तासाची छोटी आणि आठ तासांची मोठी. मराठीत आपल्याला यासाठी शब्द शोधावे लागत नाहीत, वारीने ते कधीच देऊन ठेवलेत. दुपारचा विसावा, रात्रीचा मुक्काम. विसाव्यात थोडं अंग सावरतं. मुक्कामात सगळं भरून येतं, जखमाही आणि मंत्रही.

खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात असा अंदाज दिला होता, की दोन मुक्कामांच्या मध्ये मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी पार्टीला झेपाव्यात. प्रत्यक्षात खेळाडू लबाड. पहिल्याच चकमकीत सगळी जादू उधळायची आणि लगेच अंथरूण पसरायचं. टेबलावर याला उत्तर सोपं असतं. खेळ चालवणारा माणूस समोरच बसलेला असतो. तो भुवया उंचावतो, किंवा रात्री तंबूवर लांडगे सोडतो. कॉम्प्युटरला भुवया नाहीत, त्यामुळे झोपेला काहीतरी किंमत लावावी लागते. इथून पुढची सगळी भानगड त्या किमतीची आहे.

आता बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजने हे कसं जमवलं ते बघू. ‘बाल्डर्स गेट ३’ पीसीवर पूर्ण रूपात आला ३ ऑगस्ट २०२३ ला. त्यात दोन मुक्कामांच्या मध्ये दोन विसावे मिळतात, आणि प्रत्येक विसाव्यात प्रत्येकाचे निम्मे हिट पॉइंट परत येतात. मुक्कामाला मात्र शिधा मोजून द्यावा लागतो, नेहमीच्या पातळीवर ४० आणि ‘टॅक्टिशियन’ या अवघड पातळीवर ८०. तुम्ही ‘दिवस संपवा’ म्हणता, शिध्याची खिडकी उघडते, पाव-बटाटे तराजूत पडतात, आणि सोबतीला कोणाची गोष्ट तयार असेल तर पडद्यावर रात्र होते.

ती रात्र फार कामाची असते. दिवसा तुमच्याबरोबर जास्तीत जास्त तिघं असतात. बाकीचे कॅम्पवर बसून. लढाई कधी पेटेल सांगता येत नाही, एखादा सोबती शिडीवर लटकलेला असतो, एखादा डोहाच्या पलीकडे राहिलेला असतो, एखादा मरून पडलेला. अशा वेळी दोन मिनिटांचा नाजूक प्रसंग घडवायचा तर कॅमेरा ठेवायचा कुठे? कॅम्पवर हा प्रश्न उरत नाही. सगळे एका जागी, शत्रू नाही, उजेड ठरलेला, कोण जिवंत आहे ते माहीत. लेखकाचीही सोय असते. दिवसभर जे घडलं ते माणसाच्या मनात मुरायला मध्ये थोडा वेळ गेला, असं न सांगता सांगता येतं. शेकोटी पेटली की वाचक-प्रेक्षक आपोआप मान्य करतो, की आता बोलायची वेळ झाली.

पडद्यामागे याची रचना दवाखान्यातल्या नंबरांसारखी असते. प्रत्येक प्रसंग म्हणजे हातात नंबर धरून बसलेला एक पेशंट. त्याच्या चिठ्ठीवर अटी असतात: अमुक सोबती पार्टीत हवा, तमुक ठिकाण बघून झालेलं हवं, त्याचं तुमच्याविषयीचं मत इतकं तरी बरं हवं. दिवसभर तुम्ही जे करता त्याने या अटी एकेक करून पुऱ्या होत जातात, पण दार उघडतं ते फक्त मुक्काम पडल्यावर. मग गेम बघतो, बाहेर कोण कोण तयार बसलंय आणि त्यात निकडीचं कोण. मोठा प्रसंग साधारणपणे एका रात्री एकच आत जातो, बाकीचे पुढच्या रात्रीची वाट बघतात. एखाद्या सोबत्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसलं तर समजायचं, याला काही बोलायचंय. काही पेशंट ताटकळून घरी जातात ते कायमचे, कारण तुम्ही पुढच्या अंकात पाऊल टाकलं की मागच्या अंकातल्या बऱ्याच चिठ्ठ्या रद्द होतात.

माझं काय चुकलं ते इथे कळतं. मी एका दमात तीन-तीन क्वेस्ट उरकत होतो. प्रत्येकीने बाहेर दोन-दोन पेशंट बसवले, आणि दवाखाना उघडला आठवड्यातून एकदा. जे आत आले तेही शिळे होऊन आले. सकाळी घडलेल्या गोष्टीबद्दल सोबती चार लढायांनंतर, भलत्याच जंगलात, काल झाल्यासारखं बोलायला लागे. मला वाटायचं, लेखकांची सांधेजोड कच्ची आहे. सांधे पक्के होते, मी वेळापत्रक मोडत होतो.

ॲस्टारियनची ती रात्र नंतर मीही पाहिली, आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. तुम्ही झोपता. डोळे उघडतात तर त्याचा चेहरा तुमच्या मानेशी. तो दचकून मागे होतो, सारवासारव करतो, मग कबूल करतो, की तो रक्तावर जगणारा आहे आणि आजवर त्याने जनावरांवर भागवलं. तुम्ही त्याला हाकलू शकता, किंवा थोडं रक्त पिऊ देऊ शकता. पिऊ दिलंत तर सकाळी तुमच्या पात्रावर एक खूण चढलेली दिसते. अंगात रक्त कमी, म्हणून वार, बचाव आणि कसोटीच्या प्रत्येक फाशात एक वजा. आणि ॲस्टारियन? तो टवटवीत, त्याला एक अधिक. तुमची खूण साधारणपणे पुढच्या मुक्कामाला उतरते.

या प्रसंगात मला सगळ्यात आवडते ती ही देवघेव. गोष्टीतली दया गोष्टीतच विरून जात नाही, फाशात उतरते. दिवसभर प्रत्येक चुकलेल्या वारामागे तुम्हाला काल रात्री मान कुणाला दिली ते आठवतं, आणि ती खूण उतरवायला पुन्हा झोपावं लागतं. म्हणजे एक मुक्काम दुसऱ्या मुक्कामाकडे ढकलतो, त्या दुसऱ्या रात्री आणखी कोणीतरी तोंड उघडतं. विश्रांतीचा नियम आणि सोबत्याची कहाणी इतकी एकजीव झालेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

मग माझ्यासारखा खेळाडू झोपत का नाही? एक तर शिध्याला आकडा आहे, आणि आकडा दिसला की मध्यमवर्गीय हात आखडतो. प्रत्यक्षात शिधा रग्गड मिळतो. व्यापाऱ्याकडे मिळणारं एक बांधलेलं गाठोडं म्हणजे ४० शिधा, अख्खी एक रात्र. इतकंच काय, शिधा न टाकताही पाठ टेकता येते. तेव्हा हिट पॉइंट आणि मंत्र निम्मेच परत येतात, पण रात्र ती रात्र. हे मला फार उशिरा कळलं. कंजूष माणसाला फुकटची सोयही संशयास्पद वाटते.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे, आणि त्याचा दोष मी स्वतःकडे पूर्ण घेणार नाही. गेम सुरू होतो तोच तुमच्या डोक्यात एक अळी सोडून. लेझेल नावाची सोबतीण लगेच बजावते, की या अळीने माणसाचा राक्षस व्हायला काही दिवसच लागतात. सात दिवसांचा हिशेब सगळ्यांच्या तोंडी असतो. आता सांगा, डोक्यात अळी वळवळत असताना शहाणा माणूस झोपेल का पळेल? गोष्ट म्हणते धाव, नियम म्हणतो झोप. घड्याळ खरं तर चालूच नसतं. सात काय, सत्तर रात्री झोपलात तरी राक्षस होत नाही. का होत नाही याचा खुलासा करायला एक रक्षक येतो, पण तो येतो स्वप्नात! म्हणजे घाई करू नका हा निरोप, न झोपणाऱ्याला मिळायची सोयच नाही.

बरं, घड्याळं सगळीच खोटी आहेत असंही नाही. वॉकीन्स रेस्ट नावाची धर्मशाळा जळत असते. आग तुम्ही तिथे पोहोचल्यावर ‘सुरू’ होते, पण त्यानंतर मुक्काम केलात तर आत अडकलेली माणसं मरतात. ग्रिमफोर्जमध्ये दरड कोसळून नीर नावाचा एक जण विषारी वायूत कोंडलेला असतो; काही मुक्कामांत तोही संपतो. अशी दोन-चार ठिकाणं तेवढ्यापुरती थरारक होतात, यात शंका नाही. पण खेळाडू त्यातून धडा सरसकट घेतो, की झोपलं की कोणीतरी मरतं. दोन खऱ्या घड्याळांपायी वीस खोट्या घड्याळांची भीती मनात बसते, आणि तिची किंमत मोजतात कॅम्पवर गप्प बसलेले सोबती.

याहून खोलवर एक पेच आहे. मुक्काम पडतो तो शक्ती संपल्यावर, आणि शक्ती संपते खेळता येत नसेल तर जास्त लवकर. म्हणजे जो खेळाडू चकमक चतुराईने, दोन मंत्रांत उरकतो, त्याला झोपावं लागत नाही आणि गोष्टही कमी मिळते. धडपडणाऱ्याला दर दोन लढायांनी कॅम्प गाठावा लागतो आणि तो सगळ्यांची सुखदुःखं ऐकतो. पार्टीत कोण आहे यावरही हे ठरतं. गेल विझार्ड, शॅडोहार्ट क्लेरिक. यांचे बहुतेक मंत्र मुक्कामाशिवाय परत येत नाहीत. कार्लॅकचा आवेशही मुक्कामालाच भरतो. उलट विल वॉरलॉक, त्याचे मंत्र विसाव्यातच ताजे होतात. लेझेल तलवारबाज, तिचंही बरंचसं विसाव्यावर भागतं. लेझेल, विल आणि ॲस्टारियन बरोबर घेऊन निघालात तर रात्री सहज कमी होतात. ते तिघं लढायला चांगले म्हणून घेतले, आणि त्यांचीच कहाणी अर्धी राहिली, असं होऊ शकतं. भाच्याच्या पार्टीत गेल आणि शॅडोहार्ट होते. तो माझ्यापेक्षा हुशार खेळाडू नाही, हे मी इथे नमूद करून ठेवतो.

ही गाठ सोडवायचे किंवा वेगळी मारायचे प्रयत्न बरेच झाले आहेत. ‘बाल्डर्स गेट २’ (२०००) मध्ये बायोवेअरने सोबत्यांची बरीच संभाषणं घड्याळाला लावली होती. खेळात ठरावीक वेळ गेला आणि बाकी अटी जुळल्या की सोबती बोलायला लागे. परिणाम असा, की तुम्ही एका ड्रॅगनला नुकतंच लोळवलंय, त्याच्या खजिन्यात हात घातलाय, आणि नेमकी तेव्हाच एरी आपल्या छाटलेल्या पंखांचं दुःख उकलायला घेते. दुःख खरं आणि लिहिलंयही चांगलं, पण वेळ चुकलेली. माणसं कधी बोलतात, हे घड्याळाला कळत नाही.

त्याच बायोवेअरने २००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये उलट टोक गाठलं. लढाई संपली की तब्येत आपोआप भरून येते; झोपेची गरजच काढून टाकली. कॅम्प उरला तो निव्वळ भेटीगाठींसाठी, आणि तिथे जायला काही मोजावं लागत नाही. मॉरिगनने आपली शेकोटी बाकीच्यांपासून लांब लावलेली असते, तेवढ्या अंतरातच तिचा स्वभाव सांगून होतो. पण किंमत नाही म्हटल्यावर रात्रही गेली. सत्यनारायणाच्या दिवशी आळीत तीर्थप्रसाद घेत फिरावं तसं आपण या तंबूतून त्या तंबूकडे जातो, प्रत्येकाकडचे प्रश्न संपवतो, एखादी भेटवस्तू देतो आणि निघतो. क्वचित एखाद्या रात्री हल्ला होतो तेव्हा दचकायला होतं, एरवी तिथे काळ हलत नाही.

२०१८ च्या ‘पाथफाइंडर: किंगमेकर’ने कालदर्शिका भिंतीवर टांगली. सुरुवातीलाच सांगितलं जातं, की तीन महिन्यांत स्टॅग लॉर्डचा बंदोबस्त करा, आणि हे घड्याळ खरं आहे. त्यामुळे प्रत्येक झोप त्या मुदतीतून कापली जाते. पण मुक्कामात कामं वाटून द्यायची असतात: शिकारीला कोण, रांधायला कोण, कॅम्प लपवायला कोण, पहाऱ्यावर कोण आणि कोणाबरोबर. हे वाटप करताना आपण नकळत विचार करतो, की या दोघांचं पटेल का. शेकोटीशी त्यांची बोलाचाली सुरू होते तेव्हा ती ऐकायला आपण आधीच कान देऊन बसलेलो असतो. हे मला फार पटतं, जरी तो गेम इतर बाबतींत खेळाडूचा अंत बघतो.

सगळ्यात वेगळं उत्तर जपानमधून आलं. ‘फायनल फँटसी १५’ (२०१६) म्हणजे चार मित्रांचा गाडीतून प्रवास: राजपुत्र नॉक्टिस, धिप्पाड ग्लॅडिओलस, नेटका इग्निस आणि सतत फोटो काढणारा प्रॉम्प्टो. इथे लढून मिळवलेले अनुभवाचे गुण लगेच पदरात पडत नाहीत. ते साठत राहतात, आणि झोपलात की मोजले जाऊन लेव्हल वाढते. झोप हा खर्च नाही, पगाराचा दिवस आहे. त्यात अंधार पडला की रस्त्यांवर डेमन उतरतात, त्यामुळे संध्याकाळ झाली की आपलेच डोळे मुक्कामाची जागा शोधायला लागतात.

आणि मुक्काम कुठे करायचा यात मेख. हॉटेलात पैसे भरून राहिलात तर गुणांना गुणक लागतो. गॅल्डिन की या समुद्रकाठच्या हॉटेलात १०,००० गिल मोजून दुप्पट. अल्टिसियाच्या शाही खोलीत ३०,००० मोजून तिप्पट. उघड्यावर कॅम्प केलात तर गुणक नाही, पण इग्निस स्वयंपाक करतो. खुर्च्या मांडल्या जातात, शेगडी पेटते (कोलमन या खऱ्या कंपनीचं सामान आहे ते, जाहिरात म्हणूनच, पण शोभून दिसतं), आणि त्या जेवणाचा जोर दुसऱ्या दिवशीच्या लढाईत कामी येतो. लोभी खेळाडू अर्थातच गुण साठवत साठवत महागडं हॉटेल गाठतो आणि शेकोट्या हुकवतो. कंजूषपणाने वेश बदलला, इतकंच. तरी त्याला निदान झोपावं लागतंच. आणि झोपायच्या आधी दर वेळी प्रॉम्प्टोने दिवसभर काढलेले फोटो समोर येतात. त्यातले कुठले ठेवायचे ते आपण निवडायचं.

हे फोटो गेम स्वतः काढतो, आपण लढत असताना, गाडीत बसलेले असताना. बरेचसे फसलेले असतात: कोणाची पाठ, कोणाचं नाक, मागे पळणारा राक्षस. सुरुवातीला मी ते भराभर पुढे ढकलायचो. मग केव्हातरी थांबून बघायला लागलो. दिवसाकाठी दोन-तीन ठेवायचे, असं करत त्यांचा ढीग झाला.

शेवटच्या लढाईच्या तोंडावर गेम तो ढीग पुढे ठेवतो आणि त्यातला एकच फोटो बरोबर न्यायला सांगतो. मी अर्धा तास घेतला. राजवाड्यांचे होते, चोकोबो पक्ष्यांवर बसलेले होते, चौघं ओळीने उभे राहून काढलेले होते. मी उचलला तो कुठल्याशा दगडावरच्या कॅम्पचा: इग्निस शेगडीवरचं पातेलं ढवळतोय, ग्लॅडिओलस खुर्चीत रेललाय, आणि नॉक्टिसचा चेहरा कडेला अर्धा कापला गेलाय.